वसुधा, इयत्ता दुसरी

चि. ओवी आणि चि. निहार,

हे लिखाण मुख्यतः ओवीसाठी आहे. निहार, तूही ऐक. कंटाळा आला तर मध्येच उठलास तरी चालेल, आजी आता त्यावर काही बोलणार नाही. तुम्हा दोघांना मराठी समजतं पण वाचता येत नाही, म्हणून आईनं हे मोठ्यानं वाचून दाखवावं. वाचताना तिनं काही गाळू नये, ही तिला माझी ताकीद.

आत्ताच का लिहिते आहे, तर दोन कारणं आहेत. गेल्या आठवड्यात तुमच्या आईचा डब्लिनहून फोन आला. ओवी, त्या लांबलेल्या तापानंतर तुझा थकवा सात महिने झाले तरी गेला नाही आणि शाळेचं वर्ष हातचं गेलं, हे मला ठाऊक होतं. शाळेनं आता घरी बसून आपल्या वेगानं शिकायचा ऑनलाइन वर्ग सुचवला आहे आणि तू त्याला नाही म्हणालीस, हे ठाऊक नव्हतं. तू म्हणालीस, "ते मागे पडलेल्या मुलांसाठी असतं. त्यापेक्षा मी शिकतच नाही." मग दार लावून घेतलंस. ते दार आता जेवणापुरतंच उघडतं, असं आई रडत सांगत होती.

दुसरं कारण माझ्या मानेतल्या रक्तवाहिनीचं. डॉक्टर म्हणतात, मेंदूला झटका पुन्हा येऊ शकतो. आला तर जे थोडं परत मिळालं आहे ते आधी जाईल. म्हणून आहे तोवर लिहून ठेवते.

उजव्या हातानं मला लिहिता येत नाही. डाव्या हातानं दिवसाला अर्धं पान होतं. आजोबा त्याची स्वच्छ प्रत करतात. शब्द अडला तर तेवढा सांगायचा, वाक्य सुधारायचं नाही, अशी त्यांना गंगेची शपथ घातली आहे.

मौनाचा सोमवार

गंगेकाठच्या ब्रह्माघाटावरच्या आमच्या घरी तुम्ही दोनदाच आलात, म्हणून घराची रीत सांगते. खालच्या ओसरीवर आजोबा वेद शिकवतात. मी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि वरच्या मजल्यावर सगळं माझ्या वेळापत्रकानं चालतं. पण सासूबाईंची एक रीत मी सोडली नव्हती. सोमवारी खालची पूजा आटोपेपर्यंत मौन. कुणी मला हाक मारायची नाही, मी कुणाला मारायची नाही. शाळेत आठवडाभर बोलून घसा बसायचा, तेव्हा ते मौन मला सुट्टीसारखं वाटायचं.

त्या मार्गशीर्षातल्या सोमवारी धुकं इतकं होतं की खिडकीतून नदी दिसत नव्हती. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून वर्तमानपत्र उघडलं आणि मथळा वाचायला गेले. अक्षरं छापलेली होती, स्पष्ट होती. त्यांतलं एकही मला ओळखू येईना. चष्मा पुसावा म्हटलं, तर उजवा हात उचलेना.

हाक मारावी असं मनात आलं. आवाज निघाला नाही.

आजोबा त्या सकाळी दोनदा वर येऊन गेले. एकदा उपरणं न्यायला, एकदा पळी-पंचपात्र न्यायला. दोन्ही वेळा मी त्यांच्याकडे पाहत होते. माणसाला डोळ्यांनी जेवढं ओरडता येईल तेवढं मी ओरडत होते. त्यांनी मान हलवली, म्हणजे चालू दे तुझं, आणि पावलांचा आवाज न करता खाली गेले. खालून मुलांचा घोष येत होता. दीड तास.

पूजा संपली, मौन सुटलं, म्हणून ते तीर्थ घेऊन आले. मी हात पुढे केला नाही. त्यांनी माझा तळहात धरून त्यावर तीर्थ घातलं, ते मनगटावरून पदरावर ओघळलं.

"अगं, वसुधा?"

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "बसा."

"बसतो. पण तुला होतंय काय?"

"बसा," मी म्हणाले. "बसा, बसा, बसा."

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. शेजारच्या गुप्ताजींनी आणि त्यांच्या भावानं मला खाटेवर घातलं. थंडी म्हणून आजोबांनी पिवळी शाल गळ्यापर्यंत ओढली. वळणावरचा पानवाला आम्हाला येताना पाहून उठला आणि त्यानं हात जोडले. त्या गल्लीतून रोज कुणाला ना कुणाला शेवटचं नेतात, त्याच्या हातांना सवय आहे. मग त्याला माझे उघडे डोळे दिसले आणि तो जोरात ओरडला, "अरे, ई त जियत हईं! हटा भइया, रस्ता दा!" म्हणजे, या तर जिवंत आहेत, वाट द्या.

जोडलेले ते हात मी पाहिले होते. ते अजून दिसतात.

धुक्यात अडत अडत इस्पितळात पोचेपर्यंत रक्ताची गाठ विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आहे, डॉक्टरांनी आजोबांना सांगितलं. भाषा तिथेच राहते. "जान बच गई है," ते म्हणाले, "बाकी देखा जाएगा." बाकी म्हणजे मी, असं मला वाटलं.

रोज तोच पेपर

बावीस दिवस मी त्या वॉर्डात होते. साडेपाचला ट्यूबलाइट लागायची, सहाला बादल्यांचा खडखडाट, सातला पातळ दलिया, आणि आठला तरुण डॉक्टरांचा घोळका. त्यांतला एक खिशातलं पेन काढून माझ्यासमोर धरायचा.

"माताजी, ये क्या है?"

ते पेन होतं. मला ठाऊक होतं ते पेन आहे. त्याच्यासारखी पेनं मी आयुष्यभर मुलींच्या वह्यांवर झिजवली. ते कशासाठी असतं, टोपण कुठलं, शाई निळी, सगळं ठाऊक होतं. नाव तेवढं येत नव्हतं.

"बसा," मी म्हणायचे.

तो मान डोलवायचा, कागदावर काहीतरी लिहायचा आणि पुढच्या खाटेकडे जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेन. रोज तोच एका प्रश्नाचा पेपर आणि रोज मी नापास. उत्तरासाठी मला किती वेळ मिळायचा, ते मी मोजू शकत नव्हते, पण वेळ मिळत नाही एवढं कळायचं.

सुनीता सिस्टर तेवढी हसायची. इंजेक्शन घेऊन आली की मी म्हणायचे, "बसा." ती म्हणायची, "अम्मा, हम बइठ जाएँ तो सुई कौन लगाएगा? बड़ी मेहमाननवाज हैं आप!" एका दुपारी तिनं माझे केस विंचरून वेणी घातली. घट्ट, शाळकरी मुलीची घालतात तशी. ती वेणी तीन दिवस मी कुणाला सोडू दिली नाही. इस्पितळातलं गोड असं मला तेवढंच आठवतं.

तुमची आई तीन आठवडे रजा काढून आली. ती आणि आजोबा माझ्या खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून हळू आवाजात भांडायचे. ती म्हणायची, "बाबा, हिला पुण्याला नेऊ या. इथं काय आहे?" आजोबा म्हणायचे, "इथं ती चाळीस वर्षं आहे." ती म्हणायची, "तुम्ही दीड तास..." आणि तोंडावर हात ठेवायची. आजोबा खिडकीकडे जाऊन उभे राहायचे. माझ्यासमोर लोक काहीही बोलत. मला बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असा सगळ्यांचा समज झाला होता.

संथा

घरी आल्यावर आजोबांनी मला शिकवायचं ठरवलं. त्यांना एकच शिकवणं येतं. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा म्हणायचं, याला संथा देणं म्हणतात. स्वर चुकला की पुढे जायचं नाही, पहिल्यापासून. हजारो वर्षं एक अक्षर हललं नाही ते या शिस्तीमुळे, असं ते अभिमानानं सांगतात आणि ते खरंही आहे.

सकाळी सातला ते माझ्यासमोर मांडी घालून बसायचे.

"पाणी. म्हण, पाणी, पाणी."

"पा... पाटी."

"अं हं. पहिल्यापासून. पाणी."

"बसा."

"बसा नाही. पाणी! ओठ बघ माझे."

अक्षर चुकलं की त्यांचं बोट जमिनीवर टक्कन वाजायचं. मृणाल, म्हणजे तुमची आई, फोनवरून तेच करायची: "आई, मांजर नाही, मंदिर." शेजारच्या वहिनी आल्या तरी तेच. कुणी वाईट नव्हतं. आमच्या घरात चूक ऐकून गप्प बसणं हा आळस समजतात, आणि ही सवय सगळ्यांना लावण्यात माझा वाटा मोठा.

पंधराएक दिवसांत मी बोलणं बंद केलं. "बसा"सुद्धा. तोंड उघडलं की टक्कन वाजणार, त्यापेक्षा न उघडणं बरं. चाळीस दिवस मी एक शब्द बोलले नाही. सोमवार असो नसो.

त्या दिवसांत मला जगायचं नव्हतं. हे लिहावं की नाही यावर आजोबांचा आणि माझा दोन दिवस वाद झाला. ते म्हणाले, मुलं लहान आहेत. मी म्हटलं, ओवी पंधराची आहे आणि दार लावून बसली आहे. दाराआड माणसाला काय वाटतं ते ती माझ्याहून जास्त जाणते. म्हणून ठेवते आहे. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. खायला घातलं तर खायचे. सकाळ झाली की रडायला यायचं, कारण पुन्हा एक दिवस काढायचा.

त्या काळात एकदा मी तुझ्या पत्रांची फाइल काढली, ओवी. आठवतं? सात वर्षांची झालीस तेव्हापासून तू मला दर महिन्याला इंग्रजीत पत्र पाठवायचीस. मी ते लाल शाईनं तपासायचे, तपासलेल्या पानाची झेरॉक्स तुला टपालानं परत पाठवायचे आणि मूळ पत्र तारखेनुसार लावून ठेवायचे. दहाव्या वर्षी तुझी पत्रं थांबली. मी आईला म्हटलं होतं, मुलीला चिकाटी नाही.

फाइल उघडली, तर मला एक शब्द वाचता आला नाही. पानभर काळ्या रेघोट्या आणि त्यांवर लाल रेघोट्या. काळ्यांचा अर्थ लागेना. लाल म्हणजे चूक, एवढं मात्र मला अजून कळत होतं.

नसरीन

भिंतीकडे पडून असताना एकच मुलगी आठवायची. आठवीतली नसरीन, मदनपुऱ्यातल्या विणकराची. टायफॉइडनं अडीच महिने आजारी होती. परत आली तेव्हा आम्ही तीन धडे आणि सगळं व्याकरण पुढे गेलो होतो. ती वर्गात पाटीसारखी कोरी बसायची. मी प्रश्न विचारायचे, मनातल्या मनात तीन मोजायचे आणि पुढच्या बाकाकडे वळायचे. तिची आई बुरखा सावरत दारात येऊन म्हणाली, "मैडम, थोड़ा टाइम दे दीजिए, पकड़ लेगी. तेज़ है."

मी म्हटलं, "एक बच्ची के लिए पूरा क्लास कैसे रुकेगा? सातवीं में बैठा दीजिए."

सातवीत तिची लहान बहीण होती, तिच्या वर्गात तिला बसायचं होतं. ती दुसऱ्या दिवसापासून आली नाही. हजेरीपटावर पंधरा दिवस गैरहजेरी लावून मी नियमानुसार नाव कमी केलं. नियम बरोबरच होता. वर्गात अठ्ठावन्न मुली होत्या, मला खरोखरच थांबता येत नव्हतं. पण ती कुठं गेली, हे मी कधी विचारलंसुद्धा नाही. आज कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही, आणि याला आता काही उपाय नाही.

इयत्ता दुसरी

वाचा-उपचार करणारी मुलगी आठवड्यातून एकदा इस्पितळात भेटायची. गाझीपूरची, लहानशी, तिला सगळे डॉक्टर दीदी म्हणत. मी बोलत नाही पाहून ती आजोबांना म्हणाली, इतक्या गल्ल्यांतून यांना रोज आणणं तुम्हाला जमणार नाही. शाळा सुटलेल्या, मागे राहिलेल्या मुलांसाठी ऑनलाइन वर्ग असतात. छोटे धडे, केव्हाही बघा, थांबवा, पुन्हा लावा. दुसरीचं हिंदी यांना लावून द्या. बोलायचे व्यायाम मी देतेच, वाचण्यासाठी हे करा. मध्ये मध्ये एक शिक्षिका समोरून बोलते, ती वेळ आपण ठरवायची.

आजोबांचा चेहरा पडला. "ही चौतीस वर्षं शिक्षिका होती हो."

"इसीलिए तो," ती म्हणाली.

मला बोलता येत असतं तर मी नाही म्हटलं असतं, अगदी तुझ्याच शब्दांत. अशा वर्गांना मी निवृत्त शिक्षिकांच्या चहात पळपुट्यांची शाळा म्हणायचे आणि सगळ्या हसायच्या. पण नाही म्हणायलासुद्धा शब्द लागतो. मृणालनं तिकडून नाव घातलं: वसुधा, इयत्ता दुसरी. अर्जात वय विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी टॅबलेटवर एक तरुण मुलगी आली. रांचीची रश्मी मिस. तिनं मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं.

"नमस्ते दादी! वसुधा कहाँ है? बुलाइए उसको."

आजोबांनी पुढे होऊन सांगितलं की हीच वसुधा. काय झालं तेही सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा. तो वसुधा जी, हम दोनों को टाइम ही टाइम है."

तिनं बादलीचं चित्र दाखवलं आणि विचारलं, हे काय? मी टक्कन वाजायची वाट पाहू लागले. काही वाजलं नाही. ती चित्र धरून बसली होती. घड्याळाकडे पाहत नव्हती, उसासत नव्हती, ओठ हलवून सुचवत नव्हती. खालचा घोष संपला. खिडकीवर माकड येऊन गेलं. ती बसलीच होती. आजोबांनी नंतर सांगितलं, मिनिटाच्या वर गेलं होतं.

"पाणी," मी म्हणाले. चाळीस दिवसांनी.

"बादली!" आजोबा दारातून ओरडले. "पाणी नाही गं, बादली. पहिल्यापासून..."

"दादाजी," रश्मी मिस म्हणाली, "पानी इसी में तो भरते हैं. बहुत पास पहुँच गईं. आप ज़रा बाहर बैठेंगे?"

सत्तर वर्षं वेद म्हटलेल्या माणसाला एका पोरीनं वर्गाबाहेर बसवलं. ते गेलेही.

धडा संपल्यावर मी पाहिलं, ते जिन्याच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "एकेका विद्यार्थ्याला मी बारा बारा वर्षं दिली. मंद असला तरी कधी घाई केली नाही. त्याची संथा त्याच्या गतीनं. तुलाच मला बारा दिवस देववेनात." मग म्हणाले, "त्या सोमवारचा दीड तास भरून काढायचा होता मला. तू भराभर बोललीस तर तो भरून निघेल असं वाटत होतं."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर जागा दाखवली आणि म्हणाले, "बसा." या खेपेला मला तेच म्हणायचं होतं.

चार वेळा नापास

ओवी, याला चमत्कार समजू नकोस. दुसरीची वाचनाची परीक्षा मी चार वेळा नापास झाले. पाचव्यांदा पास झाले. शाळेत चार वेळा नापास व्हायची सोय नसते. पहिल्याच वेळी पाहणारे अठ्ठावन्न जण असतात. इथं कुणी नव्हतं. तयार वाटलं की परीक्षा द्यायची, नाही वाटलं तर परत धडा सतरा. धडा सतरा मी एकतीस वेळा पाहिला. एकतिसाव्या वेळेला त्यातल्या बाईंचा आवाज पहिल्या वेळेइतकाच ताजा होता. असं मला एकदाही जमलं नव्हतं, मी तिसऱ्यांदाच खेकसायचे. थकवा आला की मी धडा मध्येच थांबवून झोपायचे. उठल्यावर तो तिथंच उभा असायचा, जिथं सोडला तिथं. वर्ग माझ्यासाठी थांबला होता.

वाईटही सांगते. वीज जाते. माकडं तार ओढतात आणि दोन दोन दिवस काही चालत नाही. यंत्र चुकीला "फिर से कोशिश करें" म्हणतं ते एका दिवसात वीस वेळा ऐकलं की टॅबलेट नदीत टाकावासा वाटतो. बाकावर शेजारी कुणी नसतं, आणि ते एकटेपण धड्यानं जात नाही. आठवड्यातून दोनदा रश्मी मिस समोर येऊन बसली नसती तर मी पहिल्याच महिन्यात सोडलं असतं. तुझ्या वर्गात असं कुणी माणूस आहे का, हे आईला आधी विचारायला लाव. नसेल तर माग. तेवढं हट्टानं माग.

सगळं परत आलेलं नाही आणि येणार नाही. मराठी बरीचशी आली, हिंदी कामापुरती. इंग्रजी सर्वांत शेवटी सुरू केली, तीही दुसरीपासून, आणि तिसरीच्या पुढे ती अजून सरकलेली नाही. नावं निसटतात. निहार, मागच्या फोनवर मी तुला तुझ्या पुण्याच्या मामाच्या नावानं हाक मारली आणि तू काही बोलला नाहीस. मला कळलं होतं. तू सुधारलं नाहीस, त्याबद्दल तुझे आभार. रात्री झोपताना रोज भीती वाटते की सकाळी वर्तमानपत्र उघडेन आणि पुन्हा ते सगळं परकं झालेलं असेल. ही भीती कमी होते असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

आणि तू म्हणालीस ते खरं आहे, ओवी. तो वर्ग मागे पडलेल्यांसाठीच असतो. मी मागे पडले होते. तूही पडली आहेस. नसरीनही पडली होती, आणि तिच्यासाठी असं काही नव्हतं. तिच्यासाठी मी होते.

फाइल

आईचा फोन झाला त्या दुपारी मी तुझी फाइल पुन्हा काढली. वरचं, म्हणजे तुझं शेवटचं पत्र घेतलं. तेव्हा तू नऊ पूर्ण करून दहाव्यात होतीस. एका बोटानं एकेक शब्द धरत गेले. पहिला दिवस संपला तेव्हा चार ओळी झाल्या होत्या. आजोबा शेजारी होते. एक शब्द अडला तर त्यांच्याकडे पाहिलं, ते म्हणाले, "मला येतो. पण तू बघ. मी बसलोय." तीन दिवस लागले.

तू लिहिलं होतंस की शाळेच्या मैदानावर तू झोपाळ्यावरून पडलीस. गुडघा फुटला. मुली हसल्या. घरी येईपर्यंत तू रडली नाहीस. आईला सांगितलं नाहीस, कारण तिला काम होतं. आणि मग शेवटची ओळ:

"आजी, हे पत्र तपासू नकोस."

त्या ओळीच्या आधी मी लाल शाईनं "प्लीज" घातलं होतं. गुडघ्याच्या शब्दाखाली रेघ होती, रडण्याच्या शब्दाखाली रेघ होती आणि खाली सही करून मी शेरा दिला होता: नीटनेटकं लिही. त्याची झेरॉक्स काढून मी तुला पाठवली होती. त्यानंतर पत्र आलं नाही.

मी तेव्हा इंग्रजीची शिक्षिका होते, तीनशे पानांची पुस्तकं एका बैठकीत वाचत होते, आणि ते पत्र मी वाचलंच नव्हतं. तू दार लावून घेतलंस ते या वर्षी नव्हे. तेव्हाच घेतलं होतंस, आणि बाहेर मी होते, हातात लाल पेन घेऊन. तू पडलीस, बाळा. लागलं का गं फार? हे विचारायला मला पाच वर्षं आणि एक झटका लागला.

तू तो वर्ग घे किंवा घेऊ नकोस, मी विचारणार नाही. माझा धडा रोज चारला असतो, तिसरीचं इंग्रजी, धडा नऊ. तुझ्याकडे तेव्हा सकाळ असते. वाटलं तर तुझा धडा उघडून बस आणि फोन चालू ठेव. बोलायचं नाही. मी माझं करीन.

फाइलमध्ये तुझी एकतीस पत्रं आहेत. माझी इंग्रजी आता एवढी उरली आहे की त्यांतलं एक मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचता येतं.

तुमची
आजी